भजनाला न येणाऱ्यांचा चहा बंद करावा का?

पडवीतला_पाट: कोकणातल्या वृद्धाश्रमांतलं नेहमीचं चित्र. सकाळी 10 ला भजन नाहीतर हाउजी ठेवली की बोटावर मोजण्याइतके येतात, बाकीचे पंख्याखाली आडवे. सरळ हजेरी लावा. न येणाऱ्याचा चहा खोलीत पोचवू नका, हॉलमध्येच मिळेल म्हणावं. आळस जातो की नाही बघा.

भरतीची_वेळ: चहा बंद? आणि अंगठे धरून कधी उभं करणार? ‘आळस’ हा शब्द वाचून राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितोय.

आधी गोळ्यांचा तक्ता काढा. पायाच्या सुजेसाठी लघवीची गोळी 8 ला नाश्त्याबरोबर दिली, की तासाभरात जोर धरते आणि दुपारपर्यंत पुरते. म्हणजे 10 ला भजनात बसवलेला माणूस सगळ्यांदेखत उठणार, वॉकर घेऊन, पेटीवाल्याच्या पुढ्यातून. असं दोनदा झालं की तिसऱ्या दिवशी त्याचा ‘गुडघा दुखतो’. उपक्रम साडेचारला घ्या, किंवा डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदला; आपल्या मनाने नको. डिमेन्शियावाल्यांचं मात्र उलट. त्यातले बरेचजण दिवस कलला की बेचैन होतात, त्यांचा छोटा गट सकाळीच बरा.

दुसरं, कान. वयाने आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. हाउजीत ‘सात’ पुकारलं की ‘साठ’, हे कळायचं कसं? माइक वाढवून भागत नाही, कारण वर पत्र्यावर पाऊस आणि खाली नुसती फरशी, आवाज घुमतो. आकडा पाटीवर वीतभर उंच लिहा. पंखा अगदी डोक्यावर असेल तर कानाचं मशीन त्याचीच घरघर मोठी करतं.

आणि बिनहाताच्या प्लास्टिक खुर्च्या आधी हलवा. सतरा-अठरा इंच उंचीची, दोन्ही हातांची खुर्ची असली तरच आपली आपण उठता येतं. उठायची खात्री नसलेला माणूस बसायलाच येत नाही.

चिरेबंदी: मुद्दे बरोबर, पण याच्या आडून ‘ज्याची त्याची मर्जी’ सुरू होतं त्याची मला चीड आहे. पडून राहिलेल्या म्हाताऱ्याच्या मांड्या आठवड्याभरात ओसरायला लागतात. मग बद्धकोष्ठ, छातीत कफ, पाठीला जखमा. तेव्हा कोणाची मर्जी विचारणार? रेटा हवाच, फक्त नीट हवा. ‘येता का?’ विचारलं की ‘नको’ ठरलेलं. ‘वाल सोलायला हात कमी पडतायत, चला’ म्हटलं की चष्मा शोधायला लागतात.

भरतीची_वेळ: म्हणजे माझंच म्हणणं, जरा ओरडून. आभारी आहे.

कलम_19: वा! महिन्याचे पैसे भरा आणि वर वाल सोला. 2007 च्या कायद्यात निराधार ज्येष्ठांसाठी दर जिल्ह्यात निदान 150 जणांचा आश्रम लिहिलाय, पण शब्द काय, तर सरकार ‘करू शकेल’. त्या ‘शकेल’वर कोणी धागा काढत नाही.

चिरेबंदी: काढा ना तुम्ही. इथे दोन वाट्यांचा प्रश्न आहे, मजुरीचा नाही. आश्रमाचा स्वयंपाक त्यावर चालवायचाच नसतो, उरलेले मावशी सोलतात. रात्रभर भिजवलेले वाल सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड. सोलताना कोमट पाण्यात टाकायचे, सालही सुटते आणि आखडलेली बोटंही. चिमटीत दाबला की डाळिंबी सटकन बाहेर. पावसात मात्र फडकं घट्ट बांधलं तर बुळबुळीत होऊन वास मारतात, सैल ठेवा.

काळो_वाटाणो: अरे, कडवे वाल ते अलिबाग-पेणकडे. हयसर सिंधुदुर्गात कोण वाल सोलीत बसता? काळे वाटाणे भिजत घाला!

चिरेबंदी: विषय काय, तुमचं काय!

पडवीतला_पाट: बरं, चहाचं मागे घेतो, सगळे तुटून पडलात. पण ओल्या साली फरशीवर पडून कोणी घसरलं, खुब्याचं हाड मोडलं, तर जबाबदार कोण? तुमचं कोमट पाणी?

भरतीची_वेळ: आज पहिल्यांदा कामाचं बोललात. टेबलावर कडेची परात, साली त्यातच, आणि खुर्च्या टेबलाशी. खाली पाटावर कोणालाच बसवायचं नाही, तुमच्या नावातला असला तरी.

काळो_वाटाणो: वाटाण्याक साल सोलूची लागना नाय. घसरूचा भयच नाय.

चिरेबंदी: मग हाताला काम काय राहिलं?

काळो_वाटाणो: भिजत घालूच्या आदी निवडूचे नाय काय? पांढऱ्या ताटात काळो वाटाणो मोतीबिंदूवाल्याकय दिसता. तुमचे सोललेले पांढरे वाल दिसतत?

चिरेबंदी: ...ताटाचं बरोबर आहे. वालांना हिरवं ताट घेऊ.