मैसूरला एका रविवारात पॅलेस, झू आणि वृंदावन गार्डन बसतं का? सोबत आई आणि पोरं

शहापूरकर:
मे महिन्यात घरची सगळी मिळून मैसूरला जाऊलालाव, रेल्वेनं. मुलगी चौथीत, भाचा त्याहून लहान, आणि आई सत्तरीची, गुडघे दुखतात पण हौस लई मोठी, वृंदावनचं कारंजं एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून किती वर्षं बोलते. सकाळी पॅलेस, मग झू, संध्याकाळी गार्डन आणि रात्री परत येऊन पॅलेसची लायटिंग असं म्हणतोय. रविवार पूर्ण हातात आहे, परतीची गाडी सोमवारी संध्याकाळी. जमेल काय ओ?

खानापूरची लेक:
लायटिंग आणि कारंजं एकाच संध्याकाळी धरू नका. पॅलेसचे दिवे रविवारी आणि सरकारी सुट्टीला ७ च्या सुमारास लागतात, तासभर असतात, आणि तिकडं म्युझिकल कारंजंपण अंधार पडल्यावरच सुरू होतं, दोन्हीच्या मध्ये २० किलोमीटरचा रस्ता आणि रविवारची गर्दी. आईंची इच्छा कारंज्याची आहे ना, मग कारंजंच धरा. आणि ५ च्या आत गेटमधून आत जावा, कारण कारंजं गेटजवळ नाहीये, सगळी बाग ओलांडून, पाण्यावरच्या पुलावरून पलीकडं पार टोकाला जावं लागतं, पायऱ्यापण आहेत. सावकाश बसत बसत गेलं तर आई जातील, माझ्या सासूबाई गेल्या.

टिळकवाडीवाला:
वरच्या ताईंचं बरोबर आहे. मी तर म्हणतो कारंजं सुरू व्हायच्या आधीची बागच खरी बघण्यासारखी. केआरएस म्हणजे कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याला एकाखाली एक अशा पायऱ्यापायऱ्यांची बाग आहे, काश्मीरच्या शालिमारसारखी, मधनं पाटाचं पाणी खाली उतरत येतं, त्या पाटाला लागून उभं राहिलं की अंगावर गार तुषार येतात, पोरं तिथनं हलत नाहीत. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी ही करवून घेतली, १९३२ ला पूर्ण झाली. आणि मुलीला धरणाचंपण सांगा, विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला जे आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा बसवले तसलेच पुढं इथंपण बसवले. धरणावर मात्र सोडत नाहीत, खालनंच बघायचं.

पॅलेसला सकाळी १० ला उघडल्या उघडल्या जावा. चपला बाहेर ठेवाव्या लागतात, उन्हात दगड तापतो, आईंना मोजे घाला. घाईत फिरू नका, निदान कल्याणमंडपात तरी थांबाच, मान वर करून बघितलं की काचेचे रंगीत मोर, आणि ते लोखंडी खांब ग्लासगोहून आणलेले. जुना लाकडी राजवाडा १८९७ ला जळाला, तेव्हा हा नवा बांधायला घेतला, १९१२ ला झाला.

झू मात्र रविवारी सोडाच. १५७ एकर आहे, मे मधल्या दुपारी म्हाताऱ्या माणसाला आणि लहान पोराला फिरवणं मला तरी पटत नाही, त्यापेक्षा जेवून दोन तास रूमवर आडवं होऊ दे सगळ्यांना.

निपाणीकर:
आईंना रेल्वेचा एवढा प्रवास झेपत नसेल तर कोल्हापूरचा न्यू पॅलेस बघा की, बेळगावहून सकाळी निघून रात्री घरी. काळ्या दगडाचा, १८८४ चा, आत शाहू महाराजांचं म्युझियम, आवारात हरणं आणि तळं, चालणं कमी. आमची पोरं हरणांपुढनं उठेनात. कारंज्याची सर नाही हे कबूल.

शहापूरकर:
सगळ्यांना धन्यवाद. आईला वाचून दाखवलं, ती म्हणते कोल्हापूर पुढच्या खेपेला, आधी कारंजं. मग रविवारी पॅलेस आणि गार्डन, लायटिंग सोडली. पण पोरांना जिराफ कबूल करून बसलोय, सोमवारी सकाळी झू उघडं असतं का? म्युझियम वगैरे सोमवारी बंद असतात म्हणून विचारतोय.

खानापूरची लेक:
असतं, मैसूरचं झू मंगळवारी बंद असतं. सकाळी ८:३० ला उघडतं, तेव्हाच जावा, ऊन चढायच्या आत जिराफ होऊन जातो. आत बॅटरीच्या गाड्या आहेत, आईंसाठी तिकीट काढतानाच त्याची चौकशी करा, नंतर तिथंपण रांग लागते.