दर शनिवारी पालकांना 'या आठवड्यात काय शिकवलं' हे कळवावं का?

तिसरीची आई
माझा मुलगा मराठी शाळेत तिसरीला आहे. घरी आल्यावर "आज काय शिकवलं रे?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही." परवा 52 वजा 27 करताना त्याचे बाबा म्हणाले, "शेजारच्या घरातून एक उसना घे." त्याने पेन्सिलच खाली ठेवली. "बाई असं नाही सांगत. दशक सुटा करायचा." बाबांना वाटलं, टाळतोय. आवाज चढला आणि पोरगं रडलं. रात्री दप्तर आवरताना आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सापडले, त्यातल्या एकाचं रबर काढलेलं होतं. एक गठ्ठा सोडला की चार दशक आणि बारा सुट्या काड्या. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. म्हणजे आमची उसनवारी आणि बाईंच्या काड्या, गणित एकच! हे आधी कळलं असतं तर ती संध्याकाळ रडण्यात गेली नसती. मला गुण नकोत, गृहपाठाची यादीही नको. शनिवारी चार ओळींचा मेसेज हवा: काय शिकवलं आणि कोणत्या रीतीने.

द्विशिक्षकी शाळेतला गुरुजी
ताई, तुमची कळकळ पोचली, पण माझा याला स्पष्ट विरोध आहे. आम्ही दोघे शिक्षक, वर्ग पहिली ते चौथी. चौथीला शिवछत्रपतींचा पाठ सांगत असतो तेव्हा शेजारच्या रांगेत दुसरीची मुलं जोडाक्षरं गिरवत असतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाकाठी किमान 200 दिवस आणि 800 अध्यापन तास ठरवून दिलेत. त्यातलाच वेळ माहिती भरण्यात जातो, आता अजून एक मेसेज?

आणि खरी अडचण वेळेची नाहीच. तिसरीतली तीन मुलं वजाबाकीवर आहेत, दोघांना अजून एकक-दशकच नीट कळायचंय. मी 'या आठवड्यात वजाबाकी झाली' असं लिहिलं की त्या दोघांच्या घरी काय होईल? "सगळ्यांना आलं, तुलाच कसं येत नाही?" तो मार मी पाहिलाय. ती यादी माझ्या हातून जायला नको.

दोन मुलींचा बाप
गुरुजी, मार बसतो तो यादीमुळे नाही, घरात माहिती नसल्यामुळे. 2019 आठवा. दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं वाचन आलं, आणि आम्हाला ते टीव्हीवरच्या भांडणातून कळलं. संख्या ज्या क्रमाने लिहितो त्याच क्रमाने वाचली तर लहान मुलांचा गोंधळ कमी होतो, हे कारण शाळेने जूनमध्येच चार वाक्यांत सांगितलं असतं तर मी तरी तावातावाने बोललो नसतो. पालकाला बाहेर ठेवलं की तो बाहेरूनच ओरडणार.

नातवाची आजी
2023 मध्ये चार भागांची पुस्तकं आली, त्यात 'माझी नोंद' म्हणून कोरी पानं होती. वर्गात काय झालं ते मुलानेच लिहायचं. मला फार आवडलं होतं. पण आमच्या नातवाची बरीच पानं कोरीच राहिली, आणि पुढे ती पुस्तकंही बंद झाली. माझं मत असं की मोठ्यांनी मोठ्यांना मेसेज पाठवण्यापेक्षा पोराला बोलतं करा. "काय शिकवलं?" नको, "काड्या कशाला नेल्या होत्यास?" असं विचारा. बघा कसा बोलतो.

तिसरीची आई
आजी, पटलं. पण काड्या नेल्यात हे मला माहीत असेल तरच मी ते विचारणार ना! गुरुजी, तुमच्या त्या दोन मुलांचा मुद्दा मात्र मनाला लागला. मग 'झाली' असं लिहूच नका. 'काड्यांनी वजाबाकी चालू आहे, घरी घाई करू नका' एवढंच लिहा.

द्विशिक्षकी शाळेतला गुरुजी
'चालू आहे' चालेल. पण मोबाईलवर नाही. आमच्याकडचे निम्मे पालक दिवसभर रानात असतात आणि घरातला एकुलता फोन थोरल्या मुलाकडे. व्हरांड्यात फळा आहे, त्यावर शनिवारी शाळा सुटताना चौथीच्या मुलांकडून खडूने लिहून घेईन. काड्यांचं चित्रही काढायला लावतो, म्हणजे वाचता न येणाऱ्या आईलाही कळेल. मेसेजला माझा विरोध कायम आहे.