मदत हवी आहे: बुरशीच्या जुन्या नमुन्यांची ठिकाणं नकाशावर भलतीकडेच पडतायत

तांबेरा_७: मंडळी, तातडीचं आहे. नमुन्यांची यादी एक्सेलमध्ये आहे, ठिकाणांच्या नावांवरून अक्षांश-रेखांश काढले. पुसाचे सगळे नमुने दिल्लीत जाऊन बसले. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? उद्या यादी द्यायची आहे.

नकाशेकर: सॉफ्टवेअरचं नंतर बघू. साल कुठलं? नमुन्याच्या चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय?

अळंबीप्रेमी: मी मोबाईलच्या जीपीएसवर ठिकाण घेतो, कटकटच नाही. नमुना मात्र चाळीस अंशांच्या आसपास वाळवा, नाहीतर सडतो.

तांबेरा_७: वाळवून झालेत हो, कधीचेच! 'पुसा, बंगाल', गव्हाच्या पानावर, १९०८. प्रांताचा रकाना मी उडवला, उगाच गोंधळ होत होता.

जुनी_चिठ्ठी: अहो, तोच तर कामाचा होता! हे पुसा बिहारमधलं, आजच्या समस्तीपूर जिल्ह्यातलं. १९१२ पर्यंत बिहार बंगाल प्रांतातच होता. कृषी संशोधन संस्था १९०५ मध्ये तिथे निघाली, बुरशीतज्ज्ञ बटलर साहेबांनी बुरशीचा संग्रह तिथेच सुरू केला. १९३४ च्या भूकंपात इमारतीची वाट लागली, १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलली आणि पुसा हे नावही सोबत घेऊन गेली. सोपा नियम: १९३६ च्या आधीचं बिहारला, नंतरचं दिल्लीला.

नकाशेकर: पहिलं अर्धं मान्य. पण संस्था हलल्यावर बिहारमधलं पुसा काय पुसलं गेलं? नंतरच्या नमुन्यांना गोळा करणाऱ्याची वही बघावीच लागेल. शिवाय नुसता बिंदू टाकू नका, किती किलोमीटर इकडेतिकडे असू शकतं तेही लिहा.

जुनी_चिठ्ठी: वही बघा म्हणे! उद्या द्यायचंय त्यांना. जिल्ह्याचा मध्यबिंदू टाका आणि मोकळे व्हा.

नकाशेकर: आणि पुढचा माणूस त्या मध्यबिंदूवर गव्हाचं शेत शोधत फिरेल. चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा वेगळ्या रकान्यात ठेवा, एवढं तरी ऐका.

हिरवीकुंडी: माझ्या कुंडीत पिवळी छत्री उगवलीय. विषारी आहे का?

अळंबीप्रेमी: फोटो टाका. खालच्या पट्ट्यांचाही. तोवर खाऊ नका.

तांबेरा_७: बंगाल परत टाकला, पुसा बिहारला नेलं. आता काहींपुढे 'क्यू' आहे, ते लंडनला टाकते.

नकाशेकर: थांबा! क्यूला, म्हणजे लंडनच्या वनस्पती उद्यानातल्या संग्रहात, नमुना ठेवलाय की तिथे सापडलाय? आयएमआय या बुरशी संशोधन संस्थेचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह २००९ मध्ये क्यूला गेला, त्यात जगभरातलं आहे. रकान्याचं नाव काय?

तांबेरा_७: रकान्याला नाव नाहीये.