'जामीन' या विकिपीडिया लेखात सुधारणांचा भाग कसा मांडावा?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मराठी विकिपीडियासाठी जामीन या विषयावर सविस्तर लेख तयार करण्याचे काम आम्ही नाशिकमधील काही सदस्यांनी हाती घेतले असून मसुदा सध्या धूळपाटीवर (सरावासाठीच्या पानावर) आहे. जामीनपात्र व अजामीनपात्र गुन्हे, अटकपूर्व जामीन, जातमुचलका (आरोपीने स्वतःच लिहून दिलेली हमी) हे भाग बऱ्यापैकी जमले आहेत. घोडे अडले आहे ते सुधारणांच्या भागापाशी. एका सदस्याने तेथे अमेरिकेविषयीचा मजकूर आणला आहे. १९६६ आणि १९८४ चे तेथील संघीय कायदे, न्यू जर्सीने २०१७ पासून केलेला बदल आणि इलिनॉय राज्याने १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन पूर्णपणे बंद केल्याची माहिती त्यात आहे. मजकूर अचूक आहे. परंतु ज्याचा भाऊ नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात कच्चा कैदी (खटल्याचा निकाल न लागलेला कैदी) म्हणून आहे, असा वाचक हा लेख उघडेल तेव्हा त्याला आपल्याकडील स्थितीविषयी त्यातून काहीच हाती लागणार नाही, ही माझी खरी चिंता आहे. हा भाग ठेवावा की काढावा? आणि कलमे फौजदारी प्रक्रिया संहितेची द्यावीत की नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची?

जिल्हा न्यायालय परिसर

मी नाशिकमध्ये फौजदारी वकिली करतो, त्यामुळे आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली असली, तरी तोपर्यंतचे सारे गाजलेले निकाल जुन्या कलमांच्या भाषेत आहेत. त्यामुळे दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी द्यावेत: ४३६ चे ४७८, ४३६-अ चे ४७९, ४३७ चे ४८०, ४३८ चे ४८२, ४३९ चे ४८३. मुदतीत दोषारोपपत्र दाखल न झाल्यास मिळणारा जामीन पूर्वी कलम १६७ मध्ये होता, तो आता १८७ मध्ये आहे.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेतील वाद प्रामुख्याने रोख रकमेचा आणि शुल्क घेऊन हमी देणाऱ्या व्यावसायिकांचा आहे. आपल्याकडे माणूस अडकतो तो जामीनदारापाशी. जामिनाचा आदेश झाला म्हणजे सुटका झाली, असे नातेवाइकांना वाटते, आणि खरी धावपळ तेथून पुढे सुरू होते. जामीनदाराचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, ओळखपत्र, छायाचित्र, याआधी किती जणांना जामीन राहिला याचे निवेदन, हे सारे जुळून न्यायालयाचे समाधान झाल्याशिवाय सुटकेचा आदेश कारागृहाकडे जात नाही. गंगापूर रोडच्या बांधकामांवर काम करणाऱ्या, मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आलेल्या मजुराने नाशिकमध्ये ऐपतदार जामीनदार आणायचा कोठून? त्याच्या गावी जमीन असलेला मामा असतो, पण तो परजिल्ह्यातला.

ही अडचण नवी नाही. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या प्रकरणातील आरोपी गवंडी होता. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते अमान्य करून एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सुटकेचा आदेश दिला. माझ्या मते सुधारणांचा भाग या गवंड्यापासून सुरू झाला पाहिजे. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधील कच्च्या कैद्यांची स्थिती न्यायालयासमोर आली, ती त्याला जोडूनच घ्यावी.

पंचवटी वाचक

वकीलसाहेबांचा आराखडा पटला. फक्त एक सावधगिरी सुचवतो: आपण न्यायालयाच्या आवारात जे पाहतो, ते कितीही खरे असले तरी विश्वकोशात थेट लिहिता येत नाही, कारण त्याला प्रकाशित संदर्भ नसतो. सुदैवाने याच मुद्द्याला भक्कम आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांमार्फत कैद्याला पोहोचली पाहिजे. सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी मोफत कायदेशीर मदत पुरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवले पाहिजे. आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर अटी शिथिल कराव्यात का, हे न्यायालय स्वतःहून पाहू शकते. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे विलंबाचे एक कारण असल्याचेही त्यात नमूद आहे. विधी आयोगाचा मे २०१७ चा २६८ वा अहवालही पूर्णपणे जामिनावरच आहे. निकालांचा अर्थ आपण स्वतः लावण्यापेक्षा त्याचा हवाला देणे अधिक योग्य ठरेल.

आणखी एक विनंती. नाशिकमधील चालू खटल्यांची उदाहरणे, वर्तमानपत्रात आलेली असली तरी, घालू नयेत. आरोपी अद्याप दोषी ठरलेला नसतो, आणि लेख मात्र वर्षानुवर्षे राहतो.

सिन्नर फाटा

कलम ४७९ ला अधिक जागा द्यावी, असे मला आवर्जून वाटते. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ कोठडीत काढला असेल, तर जामिनाचा प्रश्न येतो आणि त्यासाठी अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकलेली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद जुन्या प्रकरणांतील कच्च्या कैद्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. मात्र फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असू शकेल अशा गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि एकाहून अधिक गुन्हे किंवा प्रकरणे प्रलंबित असली तरीही तिचा लाभ मिळत नाही; ही मर्यादा त्याच परिच्छेदात यायला हवी, अन्यथा एखादे कुटुंब खोट्या आशेवर राहील.

मनी लाँड्रिंगविरोधी कायद्यातील दुहेरी अटींचा (सरकारी वकिलाला विरोधाची संधी देणे, आणि आरोपी दोषी नसावा व जामिनावर असताना गुन्हा करणार नाही असे न्यायालयाला वाटणे) परिच्छेद मसुद्यात एकतर्फी झाला आहे. २०१७ मध्ये त्या अटी रद्द ठरल्या एवढेच तेथे आहे. २०१८ ची दुरुस्ती आणि २०२२ च्या विजय मदनलाल चौधरी निकालात त्या वैध ठरल्या, हेही लिहिणे आवश्यक आहे. आपले मत काहीही असो, वाचकाला आजचा कायदा कळला पाहिजे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. अमेरिकेचा मजकूर काढून न टाकता 'इतर देशांतील जामीन' या उपविभागात नेतो आणि त्याच्या शेजारी ब्रिटनचा १९७६ चा जामीन कायदा घेतो, कारण सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र जामीन कायद्याचा विचार करण्याची सूचना केंद्राला करताना त्याचाच दाखला दिला होता. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी आर्थिक साहाय्य देणारी केंद्राची २०२३ ची योजना जामीनदारांच्या परिच्छेदानंतर येईल. वकीलसाहेब, कलमांचा तक्ता आपण तपासून दिलात तर चर्चा पानावर तशी नोंद करून मसुदा मुख्य लेखात हलवता येईल.