पूर यायच्या आधी खर्चाला पैसा नसतो का?

प्रश्न: मी कोल्हापूरजवळच्या चिखलीचा. २०१९ ला गोठ्यात छातीभर पाणी, २०२१ ला पुन्हा तेच. पंचनामे झाले, मदतही मिळाली. पण म्हसरं बांधायला उंच जागा अजून नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेलं की काळजात धस्स होतं.

उत्तर: पैसा असतो, दादा. १५ व्या वित्त आयोगानं आपत्ती निधी विभागला: ८० टक्के मदतीला, २० टक्के आधीच झळ कमी करायला. त्या २० टक्क्यांतून मागा. ग्रामसभेचा ठराव घ्या, जिल्हाधिकारी कार्यालयात द्या.

दुसरं उत्तर: म्हसरं बांधायच्या ओट्याची उंची २०२१ च्या पाण्यावरूनच धरा. आमच्या भिंतीवरची ती रेघ आईनं अजून पुसू दिलेली नाही.

प्रश्नकर्ता: येत्या ग्रामसभेत मांडतोच.