सांगोला एकतर्फी कधीच नव्हता

सोलापूर जिल्ह्यातला सांगोला विधानसभा मतदारसंघ ही शेकापची (शेतकरी कामगार पक्षाची) एकतर्फी जागा होती, असं म्हटलं जातं. ते पटत नाही. शेकापचे गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब, १९६२ पासून इथून ११ वेळा निवडून आले, खरंय. पण १९७२ आणि १९९५ मध्ये हरलेही. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना अगदी थोडक्या मतांनी पाडलं. २०१९ ला आबासाहेब रिंगणात नव्हते, नातू अनिकेत उभे होते. तेव्हाही बापूच जिंकले, फक्त ७६८ मतांनी. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब यांनी जागा परत आणली. समोर शिवसेनेचे दोन्ही गट होते, हे विसरू नका. आबासाहेबांची पुण्याई मोठीच, पण मतविभागणीचा हिशेबही मांडायला हवा.