फ्रॉग किती पुढे ठेवायचा? माग ठोका खातो आणि आता ताणाही गेला (५२ इंची, फास्ट रीड)

उभाआडवा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे, बीम (ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ) अजून निम्मा शिल्लक आहे.

इचलकरंजीतला साधा ५२ इंची माग, ओव्हरपिक (धोटा वरच्या काठीने फेकणारा), फणी पक्की म्हणजे फास्ट रीड. मिनिटाला १४० पिकांच्या (आडव्या धाग्यांच्या) आसपास चालतो. वर ६०/६० चं कॅम्ब्रिक आहे, ९२×८८ (ताणा-बाणा दोन्ही ६० नंबरी सूत, इंचाला ९२ उभे आणि ८८ आडवे धागे).

तक्रारी दोन. पहिली म्हणजे माग एका पाळीत आठ-दहा वेळा ठोका खाऊन, म्हणजे धाडकन अडून, बंद पडतो. धागा तुटलेला नसतो, धोट्यातली बाण्याची कांडी संपलेली नसते. दर वेळी धोटा (आडवा धागा नेणारा) उजव्या पेटीतच असतो. दुसरी काल रात्रीची. धोटा मधेच अडकला, डॅगरने (हात्याखालच्या रॉडवरच्या, फ्रॉगला अडणाऱ्या पातीने) माग थांबवायला हवा होता, पण हात्या (फणी धरून मागेपुढे होणारा भाग) तसाच पुढे आला. साडेतीनशेच्या आसपास तार (ताण्याचे धागे) तुटले आणि फणीच्या काही पात्या वाकल्या.

पंधरा दिवसांपूर्वी उजव्या फ्रॉगची (डॅगर ज्याला अडून माग थांबतो त्या ठोकळ्याची) पोलादी पायरी झिजली म्हणून बदलली होती. ठोके थांबेनात, तेव्हा धोट्याला पेटीत शिरायला थोडा जास्त वेळ मिळावा म्हणून उजवा फ्रॉग बोल्ट सैल करून पुढे, कापडाच्या बाजूला, सरकवला. फरक शून्य. आता फ्रॉगची नेमकी जागा कशी धरायची? किती इंचावर?

---

सांचेवाला_मालेगाव

फ्रॉग अजून थोडा पुढे घ्या, ठोके कमी होतात. तेवढ्यानेही नाही भागलं तर चालू बीम संपेपर्यंत डॅगर वर तारेने बांधून टाका, बीम उतरला की निवांत बघा. आमच्याकडे बरेच सांचे (माग) असेच चालतात.

---

जॉबर_वस्त्रनगरी

दादा, हे करू नका, आणि कुणाला सांगूही नका. डॅगर बांधला की धोटा अडकल्यावर हात्याला थांबवणारं काहीच उरत नाही. पूर्ण जोराचा ठोका धोट्यावर आणि ताण्यावर बसतो. ९२ च्या रीडला ४८ इंच पन्हा धरला तर चार हजारांवर तार होतात. ते पुन्हा सांधायला वहिफणीवाल्याचा (फणीतून तार ओवणाऱ्याचा) दिवस जातो, आणि दबलेला धोटा उसळून बाहेर आला तर शेजारच्या मागावरचा माणूस जायबंदी होतो. ठोके चुकवण्यासाठी फ्रॉग पुढे घेणं हा याच चुकीचा लहान भाऊ.

उभाआडवा, तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणंही दोन आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणून उपाय लागू पडत नाही. फ्रॉग कुठे असावा हे फणी आणि कापड यांच्यामधली जागा ठरवते. धोटा उशिरा येतो का, याच्याशी त्याचा संबंध नाही. धोटा उशिरा येत असेल तर धोट्याचं काम करायचं, फ्रॉगला हलवायचं नाही.

आधी फ्रॉगचं सांगतो.

मेन स्विच बंद करा, पट्टा सैल पुलीवर घ्या. धोटा काढून दोन्ही पेट्या रिकाम्या करा, म्हणजे स्वेल (पेटीच्या भिंतीतल्या पट्ट्या, धोट्याने दाबल्या की डॅगर उचलतात) आत येतील आणि दोन्ही डॅगर खाली बसतील. आता चाक हाताने, माग चालतो त्याच दिशेने फिरवत हात्या कापडाकडे आणा. हात्या मागे जात असताना माप घेऊ नका, सांध्यांतला खेळ दुसऱ्या बाजूला गेलेला असतो आणि माप खोटं येतं. डॅगर फ्रॉगच्या पायरीला टेकला की थांबा. फणीपासून शेवटच्या पिकापर्यंतचं अंतर मोजा. ते पावणेतीन ते तीन इंच यायला हवं.

धोटा पावणेदोन इंच रुंद, मग दोन इंच पुरणार नाहीत का, असं वाटतं. पुरत नाहीत. ताण्याचं तोंड (वरच्या आणि खालच्या तारांमधली धोट्याची वाट) कापडाजवळ चिंचोळं होत जातं. धोट्याची पुढची भिंत इंचभर उंच असते, ती त्या कोपऱ्यात शिरू शकत नाही. फणीने धोटा पुढे रेटला की वरचा आणि खालचा ताणा धोट्याच्या उंचीने फाकतो आणि तार तिथेच तटातट तुटतात. म्हणून रुंदीच्या वर इंचभर मोकळं ठेवावं लागतं. खात्री करायची तर ताण्याचं तोंड उघडं असताना धोटा मधोमध ठेवा आणि चाक हाताने हळू फिरवा. डॅगर टेकल्यावर धोटा बोटाने मागेपुढे हलला पाहिजे. घट्ट दाबला जात असेल तर फ्रॉग मागे, फणीच्या बाजूला घ्या. ही चाचणी मापापेक्षाही खरी, कारण धोटा प्रत्येकाचा वेगळा असतो.

आता तुमचा ताणा का गेला. डाव्या-उजव्या दोन्ही फ्रॉगांवर डॅगर एकाच क्षणी टेकला पाहिजे. सिगारेटच्या कागदासारख्या पातळ कागदाच्या दोन पट्ट्या घ्या, दोन्हीकडे डॅगर आणि पायरी यांच्यामध्ये धरा आणि चाक हळू फिरवा. दोन्ही पट्ट्या एकदम पकडल्या गेल्या पाहिजेत. एक पकडली आणि दुसरी ओढल्यावर सुटून आली, तर सगळा मार एकाच बाजूवर पडतोय. हे करून कळवा. डाव्या पायरीची कड कशी आहे तेही बघा.

---

उभाआडवा

केलं. डावा कागद पकडला, उजवा मोकळा. फीलर गेज घातला तर उजवीकडे ४ मिमी फट. म्हणजे मी सरकवला तेवढाच. डावीकडे अंतर पावणेतीन इंच. डाव्या पायरीची कड गोल झाली आहे, हात फिरवला तर टोचत नाही, गोटीसारखी गुळगुळीत लागते.

---

जॉबर_वस्त्रनगरी

मग उत्तर मिळालं. स्टॉप रॉड एकच असतो, हात्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्ही डॅगर त्यावरच पक्के. धोटा अडकला, दोन्ही पेट्या रिकाम्या, दोन्ही डॅगर खाली होते. आधी डावा टेकला. डावी पायरी गोल, म्हणून डॅगर तिथे अडकण्याऐवजी घसरून वर चढला. तो चढला की रॉड फिरला, आणि रॉडबरोबर उजवा डॅगरही उचलला गेला. तुमची नवी कोरी उजवी पायरी ४ मिमी पुढे थांबलेली, तिच्यापर्यंत डॅगर खाली पोचलाच नाही. ती असून नसल्यासारखी झाली.

उजवा फ्रॉग परत मागे घ्या, कागद दोन्हीकडे सारखा पकडेपर्यंत. डावी पायरी मात्र तशी ठेवून चालणार नाही. नवी टाका, किंवा वेल्डिंगचा थर देऊन ग्राइंड करून घ्या. पायरीचं तोंड सरळ उभं नको, वरची कड किंचित डॅगरकडे झुकलेली आणि खालून थोडं कोरलेलं हवं, म्हणजे दाब आला की डॅगर आत ओढला जातो, वर चढत नाही. डॅगरचं टोकही तपासा. तेही गोल झालं असेल तर कानशीने चौकोनी करा. एकाच बाजूचा डॅगर घासून जुळणी साधू नका, लांबीतला फरक फ्रॉग सरकवून काढायचा.

बोल्ट आवळताना फ्रॉग किंचित फिरतो, हे नेहमी होतं. म्हणून आवळून झाल्यावर कागद पुन्हा लावून बघा. आवळण्याआधीचा कागद धरू नका.

---

फणी_ते_घडी

एक भर घालतो. फ्रॉगच्या मागची, म्हणजे कापडाच्या बाजूची, स्प्रिंग किंवा रबर बघा. फ्रॉग ठोका बसल्यावर थोडा कापडाच्या बाजूला सरकायला हवा. त्याच सरकण्यात फ्रॉगचं बोट हँडलला ढकलून माग बंद करतं आणि ब्रेक लावतं. ढिलेपणा घालवायला म्हणून काही जण त्या स्प्रिंगच्या जागी लोखंडी पाचर ठोकतात. मग हात्याचा सगळा धक्का फ्रेमवर जातो. क्रँक आर्म (हात्याला मागेपुढे करणारा दांडा) तडकणं, हात्याची तलवार (त्याला खालून धरणारा उभा पाय) मोडणं, फ्रॉगचा बोल्ट तुटणं, सगळं यातून. रबर दगडासारखं कडक झालं असेल तर तेही पाचरीसारखंच, बदला.

आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी: हे सगळं फास्ट रीडचं. लूज रीडच्या मागावर धोटा अडकला की फणीच मागे सुटते, तिथे डॅगर आणि फ्रॉगचं काम वेगळं आहे. ही मापं तिथे लावू नका.

---

उभाआडवा

समजलं. पण रोजचे आठ-दहा ठोके? ते तर डाव्या पायरीमुळे नाहीत ना?

---

जॉबर_वस्त्रनगरी

नाहीत. ते धोट्याचं दुखणं. माग ठोका खाऊन थांबला की काही न हलवता उजव्या पेटीत वाकून बघा, धोटा पिकरला (पेटीतल्या, धोटा फेकणाऱ्या ठोकळ्याला) चिकटून आहे की लांब आहे.

पिकरपासून बोटभर लांब असेल तर दोन शक्यता. एक, धोटा पिकरवर आपटून परत उसळला, स्वेल सैल पडला, डॅगर खाली आला. दोन, फेक कमजोर म्हणून धोटा तिथपर्यंत पोचलाच नाही. धोटा उजवीकडे पोचत नाही म्हणजे फेकणारी बाजू डावी, हे लक्षात ठेवा. लोक ज्या पेटीत धोटा दिसतो तीच पेटी उघडून बसतात. डाव्या बाजूचा चामडी पट्टा लांबलाय का, काठीचं टोक झिजलंय का, पिकर स्पिंडलवर (तो सरकतो त्या दांडीवर) अडकतो का, पिकिंग नोज आणि बोल (काठीला झटका देणारे भाग) झिजलेत का, हे बघा. पावसाळ्यात चामडं लांबतं, त्यामुळे जून-जुलैत अशा तक्रारी वाढतात. डाव्या आणि उजव्या फेकीची सुरुवात हाताने चाक फिरवून जुळवा. हात्या मागे जात असताना क्रँक साधारण उभी येते, तिथे दोन्ही बाजूंनी पिकर हलायला लागला पाहिजे.

धोटा पिकरला चिकटून असेल तर तो पोचलाय, पण उशिरा, नाहीतर स्वेलने डॅगर पुरेसा उचलला नाही. हे ओळखायला फ्रॉगच्या वरच्या कडेकडे बघा. डॅगर घासून जात असेल तर तिथे नव्या नाण्यासारखी चकाकणारी बारीक रेघ पडलेली असते. धोटा पेटीत पूर्ण बसवा आणि डॅगर व फ्रॉगची वरची कड यांच्यातली उभी फट मोजा. ३ ते ५ मिमी हवी. एका मिमीवर माग चालतो खरा, पण हात्या थरथरला की ठोका. फट रॉडवरच्या, स्वेलला टेकणाऱ्या बोटाच्या स्क्रूने वाढवायची.

---

उभाआडवा

रेघ आहे! उजव्या फ्रॉगवर, अगदी तशीच. धोटा पिकरला चिकटलेला असतो. फट दीड मिमी. मग स्वेलला मागून चामड्याचा अजून एक थर लावला तर चालेल का? एक आधीच लावला आहे.

---

फणी_ते_घडी

थर लावू नका, असलेलाही काढा. स्वेल जास्त फुगला की धोटा पेटीत शिरताना करकचून धरला जातो. कांडीवरचे फेरे झटक्याने निसटतात आणि कापडात बाण्याचे गुंते येतात. शिवाय तोच धोटा परत डावीकडे फेकताना त्या पकडीतून सुटायला जोर लागतो, तो पेटीतून उशिरा निघतो आणि डाव्या पेटीत उशिरा पोचतो. म्हणजे उजवीकडचे ठोके बंद करायला लावलेला थर डावीकडे ठोके सुरू करतो. पट्टे आणि पिकर लवकर तुटायला लागले तर कारण हेच असतं.

स्वेलचं चामडं झिजून खड्डा पडला असेल तर नवं एकसारखं चामडं चिकटवा आणि मग बोटाचा स्क्रू लावा. धोट्याची मागची भिंतही हाताने चाचपा. तिथे झिजून खळगा पडला असेल तर स्वेल त्यात बसतो आणि उचल कमी पडते. दुसरा धोटा घालून फट मोजली की लगेच कळेल दोष कोणाचा.

---

उभाआडवा

धोटा बदलून मोजलं. नव्या धोट्यावर फट अडीच मिमी, जुन्यावर दीड. म्हणजे धोट्याचा वाटा आहेच. जादा थर काढला, स्वेलचं चामडं नवं लावलं, नवा धोटा, आणि स्क्रूने फट ४ मिमी केली. उजवा फ्रॉग मागे घेतला, कागद दोन्हीकडे सारखा पकडतोय, अंतर पावणेतीन इंच, मधे ठेवलेला धोटा मोकळा हलतो. डावी पायरी वेल्डिंगला द्यायची आहे, ती उद्या संध्याकाळी मिळेल. तोवर उजव्या एका फ्रॉगवर माग चालवू का?

---

जॉबर_वस्त्रनगरी

नको. एकाच फ्रॉगवर सगळा मार आला तर हात्या तिरका पिळला जातो. एक बाजू थांबते, दुसरी पुढे धावते, आणि त्यात क्रँक आर्म जातो. तो बदलायला पायरीपेक्षा जास्त दिवस लागतील. ताणा सांधायला वेळ लागणारच आहे, तेवढ्यात पायरी येईल. फणीच्या वाकलेल्या पात्या चिमट्याने सरळ करून बघा, पण माग सुरू झाल्यावर अर्धा मीटर विणून कापड उजेडासमोर धरा. उभी रेघ दिसली तर फणी बदला, कॅम्ब्रिकमध्ये ती रेघ प्रोसेसनंतरही लपत नाही.

पायरी बसवली की दोन्ही कागद परत लावा. आणि माग सुरू केल्यावर पहिल्या तासाभरात एकदा बंद करून दोन्ही फ्रॉगचे बोल्ट पुन्हा आवळा, नव्याने बसवलेले बोल्ट धक्क्याने सैल होतात.

---

उभाआडवा

ठीक. माग बंदच ठेवतो. पायरी बसल्यावर मापं इथेच टाकतो.